परसातलं राजाचं झाड

कोल्डब्रूक, न्यू हॅम्पशायर
९ मे १७७३

प्रिय जोथम,

तुझं पोट, तुझा केसांचा टोप आणि तुझी नोकरी ही तिन्ही जागच्या जागी आहेत असं धरून लिहायला बसले आहे. आम्ही बरे आहोत. एलिफलेटची थंडीत धरलेली पाठ सुटली, म्हणजे मला नवरा परत मिळाला. तांबडी गाय व्यायली. बाबा उत्तम आहेत आणि तुझी आठवण काढतात.

आता तक्रार. ती मी बहीण म्हणून करत नाही. तू पोर्टस्मथच्या कचेरीत राजाच्या झाडांवरचा दुय्यम अधिकारी आहेस, म्हणून तुझ्याकडे रीतसर करते आहे. ग्रेट ब्रिटन, आयर्लंड आणि कागदोपत्री अजूनही फ्रान्सचे राजे असलेल्या आपल्या महाराजांच्या मालमत्तेमुळे मला परसाकडे जाता येत नाही.

मार्चच्या शेवटच्या वादळात घरामागचा मोठा पाइन पडला. तोच, ज्याच्यावर नऊ वर्षांपूर्वी तू कुऱ्हाडीने कावळ्याच्या पायासारखे तीन घाव घातलेस. नवी नोकरी होती तुझी, आणि पहिली खूण आपल्याच घरच्या झाडावर करावी अशी तुझी हौस. बाबा शेजारी उभे राहून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते की आमचं झाड राजाच्या लढाऊ जहाजाची डोलकाठी होणार. नऊ वर्षांत ते न्यायला कुणी आलं नाही. शेवटी बिचारं स्वतःच निघालं आणि दोन पावलांवर आडवं झालं.

आडवं झालं तेही बेतून. बुंधा ओढ्याच्या कड्यावर, शेंडा दलदलीत, आणि मधलं सगळं खोड आपल्या परसात. उंची माझ्या छातीला लागते. अलीकडे घर आणि विहीर. पलीकडे मक्याचं शेत, आईची कबर आणि ती अत्यावश्यक लाकडी खोपटी. वळसा घालून जायचं तर गिरणीच्या पुलावरून जावं लागतं, आणि काही कामं अशी असतात की ज्यांत गिरणीच्या पुलावरून जाण्याइतका वेळ नसतो.

तेव्हा रोज सकाळी मी, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी सेहेचाळीस वर्षांची बाई, घागरा गुडघ्यापर्यंत खोचून राजेसाहेबांच्या डोलकाठीवर पालथी पडते आणि पलीकडे घसरते. एलिफलेटने खोपटीच अलीकडे आणायचं ठरवलं. हातभर खणल्यावर खडक लागला. दुसरीकडे खणलं, तिथेही खडक. या प्रांताच्या मातीला नजर लागू नये म्हणून देवाने ती फार थोडी ठेवली आहे.

कापून टाका म्हणशील. तुलाच तुझा कायदा सांगते, कारण तू त्यातून जेवतोस आणि जेवताना माणसाला वाचायला सुचत नाही. आपल्या जमिनीवर उगवलेला असला तरी एक फुटाहून जाड पांढरा पाइन राजाचा. खूण केलेला तर राजाचाच राजाचा. उभा असो, पडलेला असो, कुजलेला असो. कापला तर दंड, आणि खटला इथल्या बारा शेजाऱ्यांपुढे चालत नाही, बॉस्टनच्या आरमारी कोर्टात एकट्या न्यायाधीशापुढे चालतो. जो खबर देईल त्याला दंडातला अर्धा वाटा. त्यामुळे हल्ली शेजारी कुंपणावरून फार प्रेमाने चौकशी करतात की झाड कसं आहे.

पण खरं सांगू का, कायद्याच्या आधी बाबा आडवे येतात. एलिफलेटने एकदा करवतीला धार लावायला घेतली, तर ते दारात येऊन उभे राहिले. "राजाचं आहे ते. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." मी म्हटलं, विचारायचं कुणाला? ते म्हणाले, राजाला. अगदी शांतपणे, जणू राजा गिरणीपलीकडच्या वळणावर राहतो.

सोबत त्यांचा अर्ज आहे. मजकूर त्यांचा, अक्षर माझं. मी एक शब्द बदलला नाही. मला फार शब्द बदलावेसे वाटले, तरीही नाही. त्यात लिहिलं आहे: फ्रेंचांच्या लुईबर्ग किल्ल्याच्या वेढ्यातला आपला एक जुना शिपाई आपल्याकडे एवढीच परवानगी मागतो की झाडाच्या मधोमध एक माणूस जाईल एवढी वाट कापू द्यावी. उरलेलं खोड जसंच्या तसं आपल्या सेवेसाठी पडून राहील. दर रविवारी प्रार्थना झाल्यावर ते आईच्या कबरीकडे जातात हे तुला माहीत आहे. आताही जातात. पाय उचलून घोड्यावर बसल्यासारखे बसतात, जरा वेळ तिथेच थांबतात, मग उतरतात. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. मी बघत नाही असं दाखवते.

एवढा अर्ज पुढे पाठव. परवानगी मिळेल की नाही हे मी विचारत नाही. उत्तर तेवढं आण.

तुझी बहीण,
केझाया

०

कोल्डब्रूक
१९ सप्टेंबर १७७३

प्रिय जोथम,

तुझं जुलैचं पत्र पोचलं. 'अर्ज योग्य मार्गाने पुढे पाठविण्याबाबत विचार चालू आहे' हे वाक्य मी बाबांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांना फार आवडलं. त्यांना वाटतं, विचार राजा करतो आहे.

आम्ही बरे आहोत. मका बरा आला आहे.

चार जूनला राजाचा वाढदिवस झाला. दरवर्षीसारखा बाबांनी पेटीतून लुईबर्गचा लाल कोट काढला. कोपरं विरली आहेत आणि तो आता त्यांच्याभोवती दोनदा फिरतो. यंदा ते पेला घेऊन खोडावर चढून उभे राहिले आणि तिथून राजाला दीर्घायुष्य चिंतिलं. आम्ही खाली उभे राहून प्यालो. वेढ्यानंतर तिथे काढलेल्या हिवाळ्यात त्यांच्या पायाची तीन बोटं गोठून गेली, त्यांच्या कंपनीतली निम्मी माणसं त्याच हिवाळ्यात तापाने मेली, आणि तीन वर्षांनी लंडनने तो किल्ला तहात फ्रेंचांना परत देऊन टाकला. या सगळ्याबद्दल आजवर त्यांच्या तोंडून एवढंच ऐकलं आहे की राजाला कुणीतरी चुकीची माहिती दिली असणार. पंचवीस वर्षं त्या चुकीच्या माहितीवर ते सुखाने जगत आहेत.

ऑगस्टमध्ये तुझ्या कचेरीतून तपासणीला साहेब आले. तू येशील असं वाटलं होतं. असो. फॅनशॉसाहेबांना इंग्लंडहून येऊन दीड वर्ष झालं, आणि ते सारखे असा श्वास घेतात की जणू आम्ही इथली हवा वापरून झाल्यावर त्यांच्याकडे पाठवतो. तपासणीची फी त्यांनी आधी घेतली. मग जेवले. मग माझ्या जमिनीच्या फळ्यांकडे बघत बघत चालले. त्या सगळ्या अरुंद आहेत, आणि फूटभराहून रुंद, म्हणजे राजाच्या झाडाच्या, फळ्या माळ्यावर असतात हे या प्रांतातल्या तान्ह्या पोरालाही कळतं. साहेबांना माळ्यावर चढायचा कंटाळा आला. शेवटी परसात जाऊन त्यांनी काठीने खोड ठोकलं. ढोल वाजला.

"पोकळ आहे," ते माझ्याकडे बघून म्हणाले, आतलं मीच खाल्ल्यासारखं.

"मग आम्ही कापू ना?"

"बाई, पोकळ आहे म्हणजे राजेसाहेबांच्या उपयोगाचं नाही एवढंच. राजेसाहेबांचं नाही असं मी म्हणालेलो नाही."

जोथम, मी बॉस्टनची वर्तमानपत्रं वाचते, आणि आमच्या चर्चचे कारभारी टटल डीकन दर रविवारी प्रार्थनेनंतर लोकांना बाहेर थांबवून जे सांगतात तेही ऐकते. कर, हक्क, सनदा, प्रतिनिधी. त्या सगळ्या भारी शब्दांनी जे मला कधी नीट कळलं नव्हतं ते फॅनशॉने एका वाक्यात सांगितलं. त्याबद्दल फी कमीच घेतली म्हणायची.

बाबांनी त्यांच्यासाठी कोट घातला होता. उन्हाळ्यात. साहेबांनी विचारलं हा कुठला गणवेश, तर बाबा ताठ होऊन म्हणाले, लुईबर्गचा. साहेब म्हणाले, "लुईबर्ग? अच्छा, ते पाडून टाकलेलं." आणि सफरचंदाच्या सायडरचा दुसरा पेला मागितला. बाबांनी स्वतः ओतून दिला. नंतर ते गोठ्यात जाऊन बसले आणि जेवायला आले नाहीत, पण त्या दिवशी उकाडा फार होता.

हे पत्र टटल डीकनच्या हाती पाठवते आहे. ते पोर्टस्मथला आपल्या लाकूडगिरणीच्या फळ्या घेऊन येत आहेत, आरमाराच्या ठेकेदाराकडे. रविवारी आम्हाला सांगतात की ब्रिटिश आरमार म्हणजे आपल्या मानेवरचा पाय आहे, आणि सोमवारी त्या पायासाठी लाकूड भरतात. मी त्यांना म्हटलं, गिरणीतले चार गडी आणि मोठी करवत द्या, एका दुपारचं काम आहे, सगळं गाव आलं तर खबर कोण कुणाची देणार? ते फार गंभीर झाले. म्हणाले, केझायाबाई, योग्य वेळ यायची आहे. मला त्यांची किळस येते, आणि तुझ्या फॅनशॉची येते, आणि यात जास्त कुणाची हे ठरवता येत नाही म्हणून रात्री झोप लागत नाही.

आता कामाचं. पंधरा दिवसांत दव गोठायला लागेल, मग बर्फ. सालाशिवायचं खोड गोठलं की काचेसारखं होतं. बाबा रविवारी जायचं सोडणार नाहीत आणि परवानगीशिवाय कापू देणार नाहीत. दोन्ही बाबतींत त्यांचं डोकं तुझ्यासारखंच आहे. तेव्हा तू एवढंच कर. तुझ्या कचेरीच्या कागदावर दोन ओळी लिही की वाट कापायला हरकत नाही. ती लंडनहून आलेली नसली तरी चालेल. तुझी सही त्यांना पुरते. बाकीचं आम्ही पाहू, आणि पुढे काही झालंच तर तो कागद मी स्वतः चुलीत घालीन, तुझं नाव कुठे येणार नाही.

मी तुला काही मागितल्याचं आठवत नाही. आठव आणि बघ.

तुझी बहीण,
केझाया

०

कोल्डब्रूक
१६ जानेवारी १७७४

प्रिय जोथम,

नव्या वर्षाचे आशीर्वाद. तुझं ऑक्टोबरचं पत्र आलं होतं. असा कागद देण्याचा अधिकार तुझ्या हुद्द्याला नाही, हे तू फार सुंदर अक्षरात लिहिलं आहेस. अक्षर मीच शिकवलं होतं.

इकडे बर्फ खिडकीपर्यंत आहे. सगळे ठीक. बातम्या तुमच्याकडे आमच्या आधी पोचत असतील, तरी लिहिते. बॉस्टनला त्यांनी जहाजांवरचा चहा समुद्रात ओतला हे कळल्यावर आमच्या डीकनसाहेबांना स्फुरण चढलं. गिरणीसमोर शेकोटी पेटवून त्यांनी आपल्या घरचा चहा सर्वांसमक्ष जाळला. मी पुढे उभी होते. तो चहा मागच्या पावसात भिजला होता आणि त्याला बुरशी आली होती. धूर आला तोही बुरशीचा. नंतर सगळ्या बायकांकडून शपथ घेतली की घरात चहा करणार नाही. मी घेतली. आता आम्ही रासबेरीची पानं उकळून पितो. त्याची चव ओल्या घोंगडीसारखी लागते आणि पिताना प्रत्येकीने 'चहाहून बरं' असं म्हणायचं असतं. स्वातंत्र्य पुढे मिळेल तेव्हा मिळेल. तोवर खोटं बोलायची सवय छान लागते आहे.

पण एक आहे. त्या चहावरचा कर फार नव्हता. तो चहा उलट स्वस्त पडला असता, हे डीकनलाही ठाऊक आहे आणि मलाही. तरी मी शपथ घेतली, आणि मनापासून घेतली. का, ते विचारशील तर परसात येऊन बघ.

बाबा हल्ली खालच्या खोलीत झोपतात. जिना चढायला नको म्हणून. चुलीजवळची खोली आहे, ऊब असते. भूक बेताची. खोडावरून जायचं त्यांनी बंद केलं आहे, तेव्हा तुझी आणि तुझ्या हुद्द्याची ती काळजी मिटली.

एलिफलेट म्हणतो की लाकूड यंदा जास्त लागणार. मोठ्या लेकीला दिवस गेले आहेत. दुसरं काय लिहू?

बाबांनी मला सांगितलं आहे की जोथमला कळवू नकोस, त्याला तिकडे मान खाली घालावी लागेल. मी कळवणार नाही असं कबूल केलं होतं, आणि हा कागद भरत आणला तोवर पाळलंही. पण आता कागदावर जागा उरली आहे आणि चहाबद्दल माझ्याकडे आणखी काही नाही.

नाताळ आमचा पंथ पाळत नाही, पण आई त्या आठवड्यात गेली होती. बाबा न सांगता निघाले. पलीकडे जाऊन आले. येताना खोडावर बसले, पाय अलीकडे टाकला आणि घसरले. मी खिडकीतून पाहिलं. पडले म्हणजे फार उंचावरून नाही, एवढ्यावरून शेळीही पडत नाही. पण कमरेखालचं हाड मोडलं आहे. वैद्य आला होता. त्याने पट्ट्या बांधल्या आणि बाहेर येऊन माझ्याशी हवामानाबद्दल बोलला. मला कळलं.

दर मंगळवारी टपालवाला आला की ते मान उचलतात. अर्जाचं उत्तर आलं का विचारतात. मी म्हणते, समुद्र मोठा आहे बाबा. ते म्हणतात, हो, हिवाळ्यात जहाजं कमीच.

घोडागाडी चालत नाही, पण बर्फावरच्या घसरगाड्या चालू आहेत. दोन दिवसांचा रस्ता आहे. तू उत्तर घेऊन येऊ नकोस. नुसता ये.

केझाया

०

कोल्डब्रूक
२२ मे १७७४

जोथम,

टपालवाल्याने समन्स दिलं. तू ते पाठवल्याला चारच दिवस झाले आहेत, तेव्हा रस्ता आता चांगला असावा.

घडलं ते क्रमाने लिहिते, कारण तुझ्या कचेरीने लिहिलेलं क्रमाने नाही.

बाबा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेले. ते तुला कळवलं होतं. तेव्हा जमीन दगडासारखी होती, म्हणून शवपेटी गोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवली. या भागात हिवाळ्यात मेलेल्याला वसंताची वाट पाहावी लागते, हे तुला सांगायला नको. म्हणजे तुला यायला दोन महिने होते. तुझी वाट मी बघत नाही असं मी सगळ्यांना सांगत होते.

पेटी अरुंद फळ्यांची केली. एलिफलेट माळ्यावरची रुंद फळी काढत होता, झाकणाला एकच अखंड असावी म्हणून. मीच नको म्हटलं. बाबांनी ती कधी खाली आणू दिली नव्हती.

शेवटचे पंधरा दिवस ते फारसे बोलले नाहीत. एका मंगळवारी टपालवाला गेल्यावर मी नेहमीचं समुद्राचं सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "केझाया, आपण इथे आहोत हे त्यांना ठाऊक तरी आहे का?"

तुझी कचेरी आठवली. म्हटलं, असेल बाबा.

मग म्हणाले, कोट घालू नका मला. एलिफलेटला द्या. वासरू नवं आहे, थंडीत त्याच्या अंगावर घालायला बरा.

रागाने नाही म्हणाले. राग असता तर मला बरं वाटलं असतं. घरातली एखादी वस्तू कामातून गेल्यावर ती कुठे वापरायची हे सांगतात, तसं सांगितलं. पंचवीस वर्षं जो किल्ला राजाने परत देऊनही पडला नव्हता, तो त्या दुपारी माझ्यासमोर पडला, आणि आवाजसुद्धा झाला नाही. अर्ज तू पोर्टस्मथच्या पुढे पाठवलास की नाही, हे मी विचारत नाही. पाठवला असशील आणि उत्तर नसेल, किंवा पाठवलाच नसशील, बाबांच्या बाजूने दोन्ही सारखंच.

एप्रिलच्या अखेरीस जमीन सुटली. आईशेजारी खड्डा खणला. गाव आलं. पेटी घेऊन सहाजण परसात आले आणि खोडापाशी थांबले. टटल डीकन पुढे होऊन म्हणाले की दोघांनी पलीकडे जावं, पेटी वरून देऊ, काही कठीण नाही. खरंच कठीण नव्हतं. बाबांचं वजन उरलं नव्हतं.

एलिफलेटने आपल्या बाजूची दांडी शेजाऱ्याच्या हातात दिली आणि तो घरात गेला. मला वाटलं रडायला गेला. तो करवत घेऊन आला. माझा नवरा कसा आहे तुला माहीत आहे. लग्नात होकारसुद्धा त्याच्या भावाने मोठ्याने दिला होता. सगळ्यांदेखत तो खोडाला भिडला. डीकन म्हणाले, एलिफलेट, विचार कर, ती खूण बघ. तर हा मान न वळवता म्हणाला, "बाबा आता ह्याच्यावरून चढणार नाहीत."

पोकळ होतं, वेळ लागला नाही. दोन काप घेतले. मधला तुकडा लोटून दिला. आत नुसता भुसा आणि मुंग्या. बाबांनी मागितली होती तेवढीच वाट झाली, एक माणूस जाईल एवढी. त्यातून ते गेले.

कबरीवर डीकनसाहेबांनी भाषण केलं. बाबांना त्यांनी स्वातंत्र्याचा वीर केलं. जुलूमशाहीच्या पायावर हा पहिला घाव म्हणाले. जो माणूस दर चार जूनला राजासाठी पेला उचलायचा, ज्याला हिवाळाभर यांनी एक करवत उसनी दिली नाही, त्याच्यावर अजून माती पडते आहे, आणि हे त्याच्या अंगावर उभे राहून टाळ्या घेत होते. मला ओकारी आली. खरोखरची. गोठ्यामागे जाऊन आले आणि मग सगळ्यांना जेवायला वाढलं.

त्या जेवणाऱ्यांतल्या कुणीतरी खबर दिली. कुणी, ते मला ठाऊक नाही. सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

आता तुझा कागद. 'महाराजांच्या मालकीच्या, खूण असलेल्या पाइन वृक्षाचा बेकायदा विच्छेद.' एलिफलेट फ्लँडर्स याने बॉस्टनच्या आरमारी कोर्टात हजर व्हावं. बॉस्टनचं बंदर लंडन चहाची शिक्षा म्हणून पुढच्या महिन्यापासून बंद करणार असं ऐकते. माणसांच्या अन्नाची जहाजं येणार नाहीत, पण आमच्या कुजक्या झाडाचा न्याय करायला कोर्ट चालू आहे. शेजारी नाहीत, पंच नाहीत, एक माणूस, ज्याचा पगार दंडाच्या पैशातून निघतो. मजकूर फॅनशॉच्या हातचा दिसतो. सही तुझी आहे. 'जोथम वर्दन, दुय्यम'. 'जे' अक्षराचा खालचा फाटा मीच शिकवला तसा.

कागद देण्याचा अधिकार तुझ्या हुद्द्याला नव्हता. हा द्यायचा आहे असं दिसतं.

तू म्हणशील तुझा नाइलाज होता. असेल. मी या सगळ्या वर्षात एकाही माणसाला भेटले नाही ज्याचा नाइलाज नव्हता. फॅनशॉचा होता, त्याच्या वरच्याचा असेल, लंडनमध्ये जो बसला आहे त्याचाही असेल. एवढे सगळे लाचार आणि त्यांच्या हातून एवढी कामं.

एलिफलेट बॉस्टनला जाणार नाही. काल संध्याकाळी तो गिरणीत जाऊन डीकनच्या राजाविरुद्धच्या समितीत नाव घालून आला. मला त्या समितीची शिसारी आहे हे त्याला माहीत आहे. त्यात चहाची बुरशी जाळणारे आहेत, आणि बहुधा खबर देणाराही आहे. मी त्याला अडवलं नाही. बाकीची दारं आम्ही सगळी ठोकून झालो होतो, आणि तुझंही त्यांतलंच. समन्स पाळलं नाही म्हणून शेरीफ पकडायला आला तर चाळीस बंदुका पुलावर उभ्या राहतील असं तो म्हणाला. तो म्हणाला, म्हणजे पुटपुटला. पण मी नीट ऐकलं. घर, शेत, सगळं जाऊ शकतं, हे आम्ही जेवताना बोललो. मग त्याने ताट पुसून खाल्लं.

यात तुझ्याकडे काही मागणं नाही. रदबदली नको. येऊ नकोस, आता गावात तुला कुणी हात लावेल, आणि तुझ्यासाठी मधे पडायला मी पुढे होईन की नाही याची मला खात्री नाही. ती नसल्याचं मला वाईट वाटत नाही, हे तेवढं लिहून ठेवते.

एकच बाब राहिली. फेब्रुवारीत टपालवाल्याबरोबर तू बाबांच्या औषधासाठी पांढऱ्या साखरेची एक ढेप पाठवली होतीस. तिच्याबरोबर रस्ता खराब असल्याची चिठ्ठी होती. अर्धी ढेप काढ्यात बाबांनी घेतली, उरलेली दफनाच्या दिवशी सायडरमध्ये गेली. या वर्षी मेपलच्या झाडांचा गोड रस बरा निघाला. तेवढ्याच वजनाची मेपलची साखर हे पत्र नेणाऱ्या गाडीवाल्याबरोबर देत आहे. वजन दुकानाच्या तराजूवर केलं, आणि वाटेत कोपरे झडतात म्हणून मूठभर वर घातली आहे. रंगाने काळपट असली तरी गोडीला कमी नाही. फडकं परत पाठवायची गरज नाही.

केझाया फ्लँडर्स